घरी घडविलेल्या खोदयंत्राचा जमाखर्च

माती खोदणारे यंत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अंगणात घडवावे, ही आकांक्षा ऐकणाऱ्यास विलक्षण वाटेल. परंतु अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या ग्रामभागात, जेथे घरामागे मोकळी जागा, एखादे वेल्डिंगचे यंत्र आणि जुना ट्रॅक्टर असणे ही नित्याची बाब आहे, तेथे ती बाळगणारी आणि पुष्कळदा तडीस नेणारी माणसे आजही आढळतात. आपल्याकडे खेडोपाडी जेसीबी या नावाने ज्याची ओळख आहे, त्या पिवळ्या यंत्राच्या पाठीमागे जो लांब, सांध्यासांध्यांचा, स्वतःकडे ओढून माती उकरणारा हात असतो त्यास बॅकहो म्हणतात, आणि येथे विचार करावयाचा तो याच हाताचा. पाण्याच्या नळासाठी चर, जुन्या झाडाचा बुंधा, पावसाचे पाणी वळविण्यासाठी नाली, लहानसे तळे, अशी कामे जमीनजुमला असलेल्या गृहस्थास वर्षातून चार-सहा वेळा निघतात. तेवढ्यासाठी कारखान्यातील तयार यंत्र घेणे परवडत नाही आणि भाड्याचे यंत्र हवे त्या दिवशी मिळत नाही. अशा वेळी पोलादाच्या चार तुकड्यांचा आणि पाच-सात सिलिंडरांचा तो उघडा सांगाडा पाहून, ज्याच्या हातात थोडीफार कारागिरी आहे अशा मनुष्यास वाटू लागते की हे आपल्यालाही साधेल. त्याचे हे वाटणे बरोबर असते. चुकते ते त्याचे अंदाजपत्रक, आणि ते कोठे व का चुकते याचा तपशील पाहणे, हाच या लेखाचा हेतू आहे.

वास्तविक या यंत्राचे मूळच लहान कार्यशाळांमध्ये आहे. त्यापूर्वीची खोदयंत्रे वाफेवर आणि पुढे तेलाच्या एंजिनावर चालत, परंतु त्यांचे हात पोलादी दोर आणि कप्प्या यांनी ओढले जात, सबब ती अवजड असत आणि खाणी, कालवे, रेल्वे यांसारख्या मोठ्या कामांवाचून त्यांचा उपयोग नसे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हबर्डस्टन नावाच्या लहानशा गावी वैनो होलोपैनेन आणि रॉय हँडी या दोघांनी दोर काढून टाकून, सर्व हालचाली तेलाच्या दाबाने करणारा हात सिद्ध केला. दोघांच्या नावांवरून कंपनीचे नाव वेन-रॉय झाले. १९४७ साली हात बाजूस वळविणारी चौकट तयार झाली आणि एप्रिल १९४८ मध्ये फोर्डच्या ८-एन जातीच्या लहान ट्रॅक्टरवर चढविलेले त्यांचे यंत्र कनेटिकट लाइट अँड पॉवर या वीज कंपनीस ७०५ डॉलरांना विकले गेले. इंग्लंडातील कथा याहून अधिक साधी आहे. स्टॅफर्डशर परगण्यातील युटॉक्सेटर गावी जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी २३ ऑक्टोबर १९४५ रोजी भाड्याच्या एका लहान गॅरेजात धंदा मांडला, तेव्हा त्यांच्याजवळचे मुख्य हत्यार म्हणजे एका पौंडास घेतलेले जुने वेल्डिंगयंत्र होते. युद्धातून उरलेल्या लोखंडातून त्यांनी प्रथम बनविली ती मागे कलती होणारी शेतगाडी. तिचे ९० पौंड यावेत अशी त्यांची अपेक्षा होती. गिऱ्हाइकाने ४५ पौंड आणि आपली मोडकी गाडी देऊ केली. बॅमफर्ड यांनी ती मोडकी गाडी नीट करून आणखी ४५ पौंडांस विकली आणि हिशेब पुरा केला. त्यांचे बॅकहो-लोडर यंत्र आले ते १९५३ साली, म्हणजे त्या गॅरेजानंतर आठ वर्षांनी. अमेरिकेत केस कंपनीने ट्रॅक्टर, पुढचे खोरे आणि मागचा हात कारखान्यातच एकजीव करून विकण्यास प्रारंभ केला तो १९५७ साली. आपल्या देशात बॅमफर्ड यांच्या जेसीबी कंपनीची यंत्रे १९७९ पासून बनू लागली, आणि आज पुण्याजवळ तळेगावासही तिचा कारखाना आहे. ज्यांचा हा व्यवसायच होता, ज्यांच्यापाशी उपजत यंत्रदृष्टी होती, त्यांनाही गॅरेजापासून खोदयंत्रापर्यंत पोचण्यास इतकी वर्षे लागली, ही गोष्ट अंगणातील कारागिराने प्रारंभीच ध्यानात घ्यावी असे मला वाटते. कारण सुट्टीच्या दिवशी हौसेने काम करणारा मनुष्य हे काम एका हिवाळ्यात उरकण्याची आखणी करतो, आणि पहिला हिशेब फसतो तो वेळेचा.

या हाताची रचना मनुष्याच्या बाहूसारखीच असते. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग बूम, कोपरापासून मनगटापर्यंतचा डिपर, पंजाच्या जागी दात बसविलेले बकेट, आणि सबंध हात डावी-उजवीकडे वळावा म्हणून खांद्याशी एक उभा खांब, ज्यास कारागीर स्विंग पोस्ट म्हणतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांनी सारखाच पोचतो, हा पास्कालने सतराव्या शतकात सांगितलेला नियम आणि त्याच नियमावर जोसेफ ब्रामाने १७९५ साली घेतलेले दाबयंत्राचे पेटंट, यांच्यापलीकडे या यंत्रात कोणतेही गूढ तत्त्व नाही. ७५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरातील दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास १७५ किलो ठेवला, तर तो दट्ट्या साडेसात टनांहून अधिक जोराने पुढे सरकतो. बकेटाच्या दातांशी यातला अल्प अंशच पोचतो, कारण सिलिंडर सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असतो आणि दात त्या सांध्यापासून कितीतरी लांब असतात. परंतु ज्या कानांना सिलिंडर पिनेने जोडला आहे ते कान, त्या पिना आणि कानांचे वेल्डिंग यांवर मात्र तो संपूर्ण भार प्रत्येक ओढीस येतो. नवखा कारागीर बूमच्या मधल्या भागास जाड पत्रा लावतो, कारण डोळ्यास तोच भाग लांब आणि म्हणून अशक्त दिसतो; यंत्र तडकते ते मात्र कानापाशी, जेथे वेल्डिंगची रेषा संपते आणि पोलादाची जाडी एकाएकी बदलते, त्या जागी. ही चीर पहिल्या दिवशी दिसत नाही. हजारो वेळा भार येऊन आणि उतरून धातू थकतो, रंगाखाली केसासारखी रेघ उमटते, आणि एके दिवशी ओल्या मातीने भरलेले बकेट वर असताना कान तुटून पडतो. तो पुन्हा तेथेच वेल्ड करणे म्हणजे तीच चीर पुन्हा मागवून घेणे होय; जोडपट्टी देऊन, भार मोठ्या क्षेत्रावर पसरवून, जुने वेल्डिंग मुळापासून काढूनच ती दुरुस्ती करावी लागते, आणि तिचा खर्च मूळ कान बनविण्याच्या कितीतरी पट होतो.

आता खर्चाच्या बाबी पाहू. पोलाद ही त्यांतली सर्वांत दृश्य आणि सर्वांत भ्रामक बाब आहे. भंगारवाल्याकडे ते वजनावर मिळते, त्याची किंमत आधी विचारता येते, आणि म्हणूनच अंदाजपत्रकात तिला पहिले स्थान मिळते. परंतु पूर्ण यंत्राच्या हिशेबात पोलादाचा वाटा गौण राहतो. बूमला एक, डिपरला एक, बकेटास एक, वळणासाठी दोन आणि जमिनीवर टेकणाऱ्या दोन पायांसाठी दोन, असे सात सिलिंडर लागतात. प्रत्येकास तेल आत-बाहेर नेणाऱ्या दोन नळ्या, म्हणजे चौदा होज पाइप. प्रत्येक पाइपास दोन टोके, म्हणजे अठ्ठावीस जोड. शिवाय पंपाकडून व्हॉल्व्हकडे, व्हॉल्व्हकडून फिल्टरमार्गे टाकीकडे जाणाऱ्या नळ्या निराळ्याच. या जोडांचा खर्च कोणाच्याही प्रारंभिक कागदावर मी पुरता मांडलेला पाहिला नाही. त्यातून जुन्या बाजारातून निरनिराळ्या यंत्रांचे सिलिंडर गोळा केलेले असतात, तेव्हा एकाच्या तोंडास इंग्रजी बीएसपी आटे, दुसऱ्यास अमेरिकी एनपीटी, तिसऱ्यास मेट्रिक, अशी अवस्था होते. ते आटे दिसण्यात इतके सारखे असतात की दोन फेरे बसतातही, आणि मग दाब येताच गळती सुरू होते. ही विसंगती मिटविण्यासाठी घ्यावे लागणारे पितळी-पोलादी अडॅप्टर एकेकटे क्षुल्लक किमतीचे वाटतात, पण त्यांची बेरीज एका नव्या सिलिंडराच्या किमतीपर्यंत जाऊन पोचू शकते.

जुन्या सिलिंडराविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण बहुतेक घरगुती यंत्रांची मोठी ठेच येथेच लागते. स्वस्तात मिळालेल्या सिलिंडराचा दांडा वरून चकचकीत दिसतो. नखाने चाचपून पाहिला तर क्रोमच्या मुलाम्यावर गंजाचे बारीक खड्डे लागतात. असा खड्डा प्रत्येक फेरीत ऑइल सीलची कड खरवडतो. नवे सील किट घातले तरी ते थोड्याच दिवसांत पाझरू लागते. दांड्यास पुन्हा क्रोम चढवून घासून घ्यावयाचा, तर तो खर्च नव्या दांड्याच्या जवळपास जातो. दुसरी अडचण लांबीची. सिलिंडराची मिटलेली लांबी ही त्याच्या धावेहून सुमारे वीस-पंचवीस सेंटिमीटर अधिक असते, आणि दोन पिनांमधील अंतर मिटलेली लांबी व पुरती ताणलेली लांबी या दोन मर्यादांमध्येच खेळू शकते. बूम आणि डिपर आधी कापून, जोडून, रंगवून झाल्यावर जो सिलिंडर मिळेल तो बसविण्याचा प्रयत्न करणाऱ्यास असे आढळते की हात पुरता मिटत नाही, त्यामुळे यंत्र रस्त्यावरून नेता येत नाही. किंवा हात पुरता उघडत नाही, त्यामुळे खोली मिळत नाही. बकेटाच्या बाबतीत तर सिलिंडर सरळ जोडल्यास वळण अपुरे पडते, भरलेली माती परत खड्ड्यात सांडते. दात जमिनीत योग्य कोनाने शिरावे आणि नंतर माती पोटाशी धरून उचलावी, यासाठी मध्ये दोन पट्ट्यांची जोडणी घालून ते वळण वाढवावे लागते. ज्यांनी ही यंत्रे यशस्वीपणे घडविली, त्यांचा क्रम मला नेहमी उलटा आढळला आहे: प्रथम सिलिंडर विकत घ्यावयाचे, त्यांच्या लांब्या लिहून काढावयाच्या, जाड पुठ्ठ्याचा अगर प्लायवूडचा प्रमाणबद्ध नमुना करून तो खिळ्यांवर हलवून पाहावयाचा, आणि मगच पोलादास हात लावावयाचा. पुठ्ठ्यावरची चूक कात्रीने सुधारते.

पिना आणि बुश हा या यंत्राचा खरा प्राण आहे, आणि कारखान्यातील यंत्र महाग का असते याचे उत्तर बव्हंशी येथेच आहे. सात सिलिंडरांची दोन्ही टोके, खांद्याचा, कोपराचा व मनगटाचा सांधा, बकेटाच्या पट्ट्या आणि स्विंग पोस्टचे वर-खालचे सांधे मिळून वीसांहून अधिक पिना होतात. दोन कानांची छिद्रे एकाच रेषेत असली पाहिजेत. परंतु वेल्डिंग थंड होताना आकसते आणि आधी कितीही काळजीपूर्वक पाडलेली छिद्रे किंचित तिरपी होतात. म्हणून कारखान्यात आधी वेल्डिंग होते आणि नंतर अवजड यंत्रावर लाइन बोरिंग करून दोन्ही छिद्रे एका दमात पाडली जातात. अंगणात ही सोय नसते. तेथे एकतर कानांमधून एक सरळ दांडा घालून, त्यावरच सर्व भाग तोलून, थोडे थोडे आलटून-पालटून वेल्ड करावे लागते, किंवा सबंध बूम टेंपोत घालून शहरातील कार्यशाळेत न्यावी लागते आणि तेथील दराने पैसे मोजावे लागतात. पिनांसाठी साधी एमएस सळई वापरली, तर ती वाकते व झिजते. ईएन-८ सारख्या मध्यम कर्बाच्या पोलादाची पिन, तिच्यावर बदलता येण्याजोगा बुश आणि प्रत्येक सांध्यास ग्रीसचे निपल, एवढी तरतूद न केल्यास सांध्यात प्ले, म्हणजे ढिलाई, येतो. खांद्याशी दोन मिलिमीटरांचा प्ले बकेटापाशी कित्येक सेंटिमीटरांचा होतो, चर सरळ निघत नाही, आणि प्रत्येक हिसक्याने छिद्र अधिकच अंडाकृती होत जाते. झिजलेला बुश बदलणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. बुश न घालता थेट कानातच पिन बसविली असेल, तर झिजतो तो कान, आणि मग पुन्हा कापणे, जोडणे, बोअर करणे हे सर्व आरंभापासून करावे लागते. बुशांवर वाचविलेली रक्कम अशा रीतीने अनेक पटींनी परत भरावी लागते.

स्विंग पोस्टची कथा याहून कठीण आहे. तीनएक मीटर लांबविलेला हात, त्याच्या टोकास बकेट आणि त्यात पन्नास लिटर ओली माती, म्हणजे मातीचेच सुमारे नव्वद किलो, हे सर्व वेगाने बाजूस फिरवून चालकाने लीव्हर सोडला की तेल एकदम कोंडले जाते, हात थांबावयास तयार नसतो, आणि त्या क्षणी सिलिंडरातील दाब पंपाच्या ठरविलेल्या दाबाहूनही वर उसळतो. कारखान्याच्या यंत्रात ही उसळी पचविणारे रिलीफ व्हॉल्व्ह आणि शेवटच्या टप्प्यात गती मंद करणारी योजना असते. घरगुती यंत्रात ती बहुधा विसरली जाते, आणि सर्वांत आधी मोडतो तो हा खांब.

पंप आणि तेल यांविषयी संक्षेपाने सांगतो. मिनिटास वीस लिटर तेल दर चौरस सेंटिमीटरास १५० किलोंच्या आसपास दाबाने द्यावयाचे, तर गळती-घर्षण धरून सुमारे आठ अश्वशक्ती लागते. कारखान्यातील यंत्रास लागतो तोच नियम अंगणातील यंत्रासही लागतो: जी शक्ती खोदण्यात खर्च होत नाही ती तेल तापविते, आणि टाकी लहान असेल तर तासाभरात तेल पातळ होऊन यंत्र निर्जीव होऊ लागते. पंपाच्या मिनिटाच्या प्रवाहाच्या अडीचपट, म्हणजे येथे पन्नास लिटरांची टाकी ठेवावी, असा शिरस्ता आहे. तेवढे तेल एकदम विकत घेणे ही आणखी एक विसरलेली रक्कम. लाकूड फोडण्याच्या यंत्रातला दोन टप्प्यांचा पंप स्वस्त पडतो म्हणून कित्येक जण तोच बसवितात. तो दाब वाढताच प्रवाह एकदम घटवितो, त्यामुळे ऐन खोदताना हात गचके देतो. परंतु पंपाचा खरा शत्रू कचरा आहे. टाकी वेल्ड करताना आत उडालेले लोखंडाचे कण, ग्राइंडरची धूळ, पाइप कापताना सुटलेला रबराचा चुरा, यांपैकी काहीही आत राहिले, तर नवा पंप पहिल्या काही तासांतच खरवडला जातो आणि त्याचे कण पुढे व्हॉल्व्ह व सिलिंडर यांची नासधूस करतात.

हात तयार झाल्यावर प्रश्न येतो तो त्यास धरून ठेवण्याचा. वेन-रॉयने निवडलेला फोर्ड ८-एन ट्रॅक्टर सुमारे अकराशे किलोंचा होता. जमिनीत अडकलेल्या मुळाशी हात झुंजू लागला की मूळ निघण्याऐवजी ट्रॅक्टरच उचलला किंवा मागे ओढला जातो, म्हणून दोन बाजूंचे टेकते पाय रुंद आणि मजबूत लागतात. ट्रॅक्टरच्या मागील तीन-बिंदू जोडणीवर केवळ टांगलेला बॅकहो धोक्याचा असतो: उलट्या जोराने तो वर उसळून चालकास ट्रॅक्टरच्या अंगावर चिरडू शकतो, आणि हे घडले नाही तरी ट्रॅक्टरच्या मधल्या बिडाच्या कवचास तडा जाण्याचे भय राहते. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत जाणारी स्वतंत्र पोलादी चौकट हा त्यावरचा उपाय. पण ती चौकट म्हणजे पुन्हा पोलाद, पुन्हा वेल्डिंग आणि पुन्हा काही महिने.

इतके सगळे झाल्यावर जमाखर्च कसा दिसतो? वेल्डिंगच्या कांड्या, ग्राइंडरची चाके, गॅस, ड्रिल, रंग, शहरापर्यंतच्या खेपा, चुकून कापलेला पत्रा आणि दोनदा घेतलेल्या वस्तू यांची नोंद कोणी प्रामाणिकपणे ठेवली, तर खर्च पहिल्या अंदाजाच्या दुपटीजवळ जाणे ही मला अपवादात्मक गोष्ट वाटत नाही. मजुरी तर या वहीत कधीच मांडली जात नाही. विकावयास काढल्यास असे यंत्र लोखंडाच्या आणि सिलिंडरांच्या किमतीस जाते, कारण दुसऱ्याच्या वेल्डिंगवर आपला जीव टांगण्यास कोणी राजी नसतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून ज्यास एकच चर अगर एकच तळे खोदावयाचे आहे, त्याने तासाच्या भाड्याने यंत्र आणावे. त्याहून किफायतशीर मार्ग नाही. ज्याचे काम वर्षानुवर्षे थोडे थोडे चालणारे आहे आणि ज्यास लेथ, वेल्डिंग व मोजमाप यांची विद्या अवगत आहे, त्याने मात्र हे काम अवश्य हाती घ्यावे. प्रत्येक पिन कोणत्या पोलादाची आणि प्रत्येक जोड कोठला हे ज्यास पाठ आहे, त्याचे यंत्र ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मोडले तरी परगावच्या मिस्त्रीची वाट पाहावी लागत नाही, हा लाभ रुपयांत मांडता येत नसला तरी खरा आहे. त्याने सिलिंडर, पिना, होज पाइप आणि रिलीफ व्हॉल्व्ह यांत काटकसर करू नये. करावयाची असेल तर रंगात करावी.

शेवटी सुरक्षिततेच्या तीन गोष्टी, ज्यांचा हिशेबाशी संबंध नाही. होज उघडण्यापूर्वी बकेट नेहमी जमिनीवर टेकवावे आणि एंजिन बंद करून लीव्हर हलवून उरलेला दाब सोडून द्यावा. खोल चरात आधारावाचून उतरू नये; एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक असते आणि ढासळताना ती सूचना देत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत कमी जणांस ठाऊक आहे: दाबाखालील पाइपास सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यास दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. म्हणून गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरून शोधावी. आणि धार अंगात शिरलीच, तर जखम लहान दिसली, दुखत नसली, तरी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि आत गेलेले ते यंत्राचे तेल आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण अशा जखमेत विलंब झाल्यास बोट, प्रसंगी हातही, कापावा लागतो.